खुंटीवरचा बुडखा

माझ्या थोरल्या वहिनीवर अन्याय झाला. चव्वेचाळीस सालच्या लक्ष्मीपूजनाच्या सकाळी, नुकतं उजाडत होतं तेव्हा, आष्ट्याच्या अलीकडच्या आमच्या घरात, सोप्यात झाला. मी तिथं उभी होते. अन्याय करणारी माझी आई होती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे परक्यांवर तोंड सोडणं सोपं असतं असं पुढं कुणी म्हणायला नको.

अन्याय केरसुणीचा होता. ज्यांना हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्यावं. आमच्या स्वराज्याच्या चळवळीतले चांगले शिकलेले, तुरुंगात जाऊन आलेले लोकही हे ऐकून हसलेत, त्यामुळं मला त्याचं आता काही वाटत नाही.

आमच्याकडं घरातली केरसुणी बदलायचा दिवस ठरलेला असतो. दिवाळीत मांगवाड्यातली बाई शिंदीच्या पानांच्या नव्या केरसुण्यांचा भारा डोक्यावर घेऊन दारोदार येते. लक्ष्मीपूजनाला त्यातली एक पाटावर ठेवून तिला हळद-कुंकू वाहायचं, दुसऱ्या दिवसापासून ती वापरायला काढायची आणि जुनी गोठ्याकडं द्यायची. जी बाई ही लक्ष्मी स्वतःच्या हातानं बांधते तिनं मात्र उंबऱ्याच्या बाहेर उभं राहायचं. ह्यावर मी वेगळं पत्रक लिहिलेलं आहे, इथं पुन्हा लिहीत नाही.

दुसराही एक रिवाज आहे. घरातलं माणूस परगावी निघालं की त्याच्या मागोमाग झाडायचं नाही, कारण मागोमाग झाडतात ते मढं उठल्यावर. आणि मढं उठल्यावर जिनं झाडलं ती केरसुणी घरात ठेवत नाहीत, बाहेर टाकतात. हे दोन्ही रिवाज आमच्या गावात सगळ्यांना ठाऊक आहेत. पण त्या दोन्हींची गाठ मारून तिसराच एक रिवाज तयार केला तो आमच्या आईनं.

दादा पलटणीत होता. एक्केचाळीसची दिवाळी घरी करून तो गेला तो आधी आफ्रिकेत, मग इटलीत. त्याचं लग्न होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. बैलगाडी वळणावर दिसेनाशी झाली तरी आई दारातच उभी होती. वहिनीनं सवयीनं केरसुणी उचलली, तशी आई एवढ्या जोरात ओरडली की शेजारची माणसं बाहेर आली. त्या दिवशी घर झाडलं नाही. ते ठीकच, तेवढं सगळेच पाळतात.

पुढच्या दिवाळीला भारेवाली बाई दारात आली. आई म्हणाली, "औंदा नगं."

"आवं आक्का, नगं कसं? वरीस झालं की."

"न्हाई म्हनलं न्हवं?"

त्याच्या पुढच्या दिवाळीला ती बाई पुन्हा आली. वहिनी अंगण झाडत होती. तिच्या हातातली केरसुणी बघून बाईनं भारा खालीच ठेवला. "ह्यो साळुता हाय का बोकडाची दाढी? आक्का, घ्या की आता तरी एक."

"तुला इकायचीच घाई," आई म्हणाली.

"मग! इकायलाच आलीया की मी, आरती कराय न्हवं."

वहिनीला हसू आलं. आईनं तिच्याकडं बघितलं, तसं ते हसू तिनं पदरात धरलं. नवी केरसुणी त्या वर्षीही आली नाही.

कारण असं, की दादा घरात असताना जिनं घर झाडलं ती केरसुणी तो परत येईपर्यंत घराबाहेर जायची नाही, असं आईनं मनाशी धरलं होतं. केरसुणी बाहेर टाकली म्हणजे मढं उठलं. आमच्या गावातनं घरटी एक माणूस लढाईवर होता. तारवाला सायकलवरनं येताना दिसला की आई सगळं हातातलं टाकून चुलीपाशी जाऊन बसायची, आणि तो आमच्या घरावरनं पुढं गेला की मगच तिच्या तोंडातनं शब्द फुटायचा. एकदा तो पुढं गेला तो आमच्या पलीकडच्या, चढावरच्या वरच्या घरात गेला, त्यांचा पोरगा पडल्याची तार घेऊन. त्या रात्री आई जेवली नाही. तिची भीती खरी होती. मी ती नाकारत नाही. पण भीती आईची, लेक आईचा, आणि वाकायचं सुनेनं, हे कुठलं गणित?

कारण झिजलेली केरसुणी म्हणजे काय, हे जो कधी झाडत नाही त्याला कळत नाही. शिंदीचं पान टोकाला मऊ असतं. नवी केरसुणी हातभर लांब असते, पंख्यासारखी पसरते, बाई जराशी वाकली की केर पुढं पळतो. वर्षभरात टोकं झिजतात. दुसऱ्या वर्षी अर्धीच उरते. आणि बुडाकडं शिंदीचं पान मऊ नसतंच, ते काट्यासारखं टणक असतं. तिसऱ्या वर्षी आमच्या वहिनीच्या हातात वीतभर बुडखा होता. सुटून पडू नये म्हणून आई त्याला सुतळीचे वेढे द्यायची, आणि एकेका वेढ्यानं तो आणखी कडक व्हायचा. त्यानं केर निघायचा नाही, सारवणाचे पोपडे निघायचे. मग त्या पोपड्यांचा केर, मग पुन्हा सारवण. जे घर एका बाईनं सहज झाडून व्हावं ते ती उकिडवी बसून, बदकासारखी सरकत, बोटं जमिनीला घासत झाडायची. मी सुट्टीत घरी आले की तो बुडखा तिच्या हातनं ओढून घेऊन झाडायची, म्हणून सांगते. कंबर तर जातेच, पण आधी बोटांची सालटी जातात.

मी तेव्हा सांगलीला मावशीकडं राहून शिकत होते. म्हणजे शाळेत जात होते आणि शाळा सुटल्यावर पत्रकं वाटत होते. लिहायला मी पत्रकांवरच शिकले. कोण, कधी, काय केलं, आणि आता तुम्ही काय करायचं, एवढं चार ओळींत बसलं पाहिजे, नाहीतर कागद फुकट जातो. त्या दिवसांत आमच्या मंडळींनी गावसफाई काढली होती. तुरकाट्यांचे नवे खराटे घेऊन, गाणी म्हणत, टोप्या घातलेले लोक रस्ते झाडायचे. आमच्या आळीतही आले होते. रस्ता लख्ख झाला. रस्त्याच्या कडेला, उंबऱ्याच्या आत, माझी वहिनी बुडख्यानं सोपा खरवडत होती, आणि त्यातल्या एकानं तिच्याकडं प्यायला पाणी मागितलं.

मी मधे एकदा वहिनीला म्हटलं होतं, "आई मळ्यात गेली की दुसरी वापरत जा की. मी आणून देते, गोठ्यात लपवून ठेव."

ती माझ्यापेक्षा फार मोठी नव्हती. पण बोलली ते मोठ्या बाईसारखं. "आवं वन्सं, आत्याबाईस्नी कळंल म्हनून भीत न्हाई मी. पर मी लपून नवी वापरली अन् त्याच दिशी तार आली, तर? त्यांचं ऱ्हाऊ द्या. माजंच मन मला खाईल न्हवं?"

बघा कसा फास बसतो. आईनं बाहेरनं टाकला, वहिनीनं आतनं आवळला. ह्याला जबरदस्तीही म्हणता येत नाही. म्हणून तो सोडवायला कुणी येत नाही.

चव्वेचाळीसच्या दिवाळीला मी सांगलीच्या बाजारातनं एक केरसुणी घेऊन घरी आले. चांगली, दाट, लांब. ती बगलेत मारून मोटारीतनं उतरले तेव्हा ओळखीचे लोक म्हणाले, "ताई, आता काय सरकार झाडायला निघाला व्हय?" मी म्हटलं, "न्हाई, आधी घर."

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी ती मी सोप्यात नेली.

"ह्ये काय?" आई म्हणाली.

"केरसुणी."

"दिसती मला. कुनी सांगितली आनाय?"

"वहिनीच्या हातातलं बघ की गं जरा. त्याला केरसुणी म्हणायचं?"

"तुला शाळंत धाडली ती बुकं शिकाय. मला घर शिकवाय न्हाई. भाईर ठेव ती."

"आई, अगं दरसाल बदलत होतोच की आपण!"

"तवा लडाई नव्हती." तिचा आवाज एकदम बारीक झाला. "घरातली केरसुणी भाईर कवा टाकत्यात, ठावं हाय न्हवं तुला? माजा ल्योक जिता हाय. त्यो हुता तवा जिनं घर झाडलं, ती त्यो येस्तवर हितंच ऱ्हानार. झिजू द्या न्हाईतर काय बी हू द्या."

मी म्हटलं, "इटलीतल्या गोळीला आपल्या घरातली केरसुणी दिसते काय?"

आईनं माझ्या तोंडात मारली. आयुष्यात पहिल्यांदा. मग ती वहिनीला म्हणाली, "बगतीस काय? झाड."

वहिनी उकिडवी बसली आणि झाडायला लागली. माझ्याकडं बघायला नको म्हणून असेल, किंवा सण असल्यामुळं लवकर उरकायला पाहिजे म्हणून असेल, नेहमीपेक्षा भराभर हात मारत होती. कोपऱ्यात लाकडी मेढीपाशी ती थांबली. "आई गं," एवढंच म्हणाली, बारीक आवाजात. शिंदीची एक काडी उजव्या हाताच्या अंगठ्याजवळच्या बोटात, नखाखाली, शिरून मोडली होती. तिनं बोट तोंडात धरलं, पदराला पुसलं, आणि राहिलेला सोपा झाडून काढला.

मी आणलेली नवी केरसुणी भिंतीला बाहेरनं टेकून उभी होती. संध्याकाळी पाटावर बुडखा ठेवला. त्याला हळद वाहिली, कुंकू वाहिलं, पणती लावली. ते कुंकू वहिनीनं डाव्या हातानं लावलं. उजवं बोट तोवर सुजलं होतं. "डावा हात लावतीस व्हय लक्ष्मीला?" आई म्हणाली.

भाऊबीजेला ते बोट वांग्यासारखं झालं. नखुर्डं झालंय म्हणाले. आईनं हयगय केली असं मी म्हणणार नाही. लिंबू कोरून तिनंच बोटात घातलं, हळदीचा लेप तिनंच लावला, रात्री उठून उठून बघितलं तिनंच. फक्त सांगलीला न्यायचं म्हटलं की, "सनासुदीचं लक्ष्मी घराभाईर काडतीस व्हय?" नेली तेव्हा ताप डोक्यात गेला होता आणि सूज मनगटाच्या वर चढली होती. डॉक्टरांनी हात उलटापालटा केला आणि म्हणाले, "बोट वाचवत बसलो तर हात जाईल."

बोट बुडातनं काढलं. डॉक्टरांनी विचारलं कशानं झालं. वहिनी म्हणाली, "केर काडताना." त्यांनी ते लिहून घेतलं. त्यात विचारण्यासारखं त्यांना आणखी काही वाटलं नाही. रोज कितीतरी बायकांना काही ना काही करताना काही ना काही होतच असतं.

भाकरी थापायला ते बोट किती लागतं हे मला तेव्हा कळलं. कडेनं पीठ सारायला, भाकरी गोल फिरवायला तेच बोट. वहिनीची भाकरी पूर्वी चंद्रासारखी यायची. आता तिला एका बाजूला खाच पडायची. आई तव्याकडं बघून तोंड फिरवायची. पण झाडायला अजूनही तोच बुडखा होता, आणि अजूनही वहिनीच झाडत होती, उरलेल्या बोटांनी.

मी सांगलीला परत आले आणि चार ओळींचं पत्रक लिहिलं. झिजलेली केरसुणी केर काढत नाही, बाई झिजवते, असं काहीतरी. आमच्या एका पुढाऱ्यांना दाखवलं. चांगला माणूस, ह्याच कामापायी घरदार सोडलेला. त्यांनी वाचलं आणि हसून कागद परत दिला. "ताई, ह्या घरातल्या गोष्टी. आधी इंग्रजांचं राज्य जाऊ दे, मग केरसुण्यांचं बघू."

"राज्य गेलं की बघाल नक्की?"

"अहो, तेव्हा सगळंच बदलेल."

सेहेचाळीसच्या उन्हाळ्यात दादा आला. धडधाकट, अंगानं भरलेला, हिंदी बोलणारा. आईनं दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि रडत रडत मला म्हणाली, "जा गं, नवी केरसुनी आन." मी आणलेली कधीच गोठ्यात जाऊन खराब झाली होती. भारेवालीकडनं दुसरी आणली. आईनं बुडख्याला हळद-कुंकू लावलं, सुतळीत ओवला आणि सोप्यातल्या खुंटीला, देवाच्या तसबिरीशेजारी, टांगला.

"ह्ये काय लटकावलंस?" दादा हसला. "ही तर कधीच कंडम झाली!"

"म्हंजी?"

"आमच्या पलटनीत झाडू झिजला की साहेब परेडच्या वक्ताला बघून म्हननार, कंडम! की गेला. स्टोअरातनं नवा. कंडम झाडू कुनाच्या हातात दिसला तर त्या जवानाला न्हाई, हवालदाराला शिक्षा. त्यानं बघायचं असतंय."

मी आईकडं बघितलं. आई दादाकडं बघत होती, आणि तिच्या कानात ह्यातला एक शब्दही शिरलेला नव्हता. लेक समोर बसला होता, तिला पुरे होतं.

तेवढ्यात वहिनीनं त्याच्या ताटात भाकरी वाढली. दादानं भाकरीची खाच बघितली, मग तिचा हात बघितला. त्याला कुणी कळवलं नव्हतं. लढाईवरच्या माणसाला काळजी नको म्हणून.

"आगं, बोट कुठं गेलं?"

वहिनीनं तोंड उघडायच्या आत आई बोलली. "केर काडताना काडी गेली. ही बग," तिनं खुंटीकडं हात केला. "मी न्हाई टाकली भाईर, म्हनून तू आलास. अन् तुज्यावरचं समदं हिच्या बोटावर भागलं. लय पुण्यवान हाय सूनबाई माजी."

मला वाटलं, दादा आता उठेल. माणसं मारून आलेला, कंडम म्हणजे काय हे ज्याला कळतं असा माणूस. तो उठलाच नाही असं नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं खुंटीवरनं तो बुडखा काढलाही. आई उंबऱ्यात आडवी झाली आणि ऊर बडवायला लागली. त्यानं तो परत जागच्या जागी टांगला. मला म्हणाला, "जाऊ दे गं. लटकंना का."

आळीतल्या बायका बघायला आल्या. आधी बुडख्याच्या पाया पडल्या, मग वहिनीचा हात हातात घेऊन बघितला. तिला पुण्यवान म्हणाल्या, पतिव्रता म्हणाल्या. त्या गेल्यावर वहिनी भांडी घासत होती. राखेतनं हात न काढता म्हणाली, "वन्सं, बोट माजं गेलं अन् हळद-कुकू त्या बुडक्याला."

मी राखेत हात घालून उरलेली भांडी घासायला घेतली.

एवढंच असतं तर जुनं झालं म्हणून मी हे लिहिलं नसतं. राज्य गेलं, झेंडा लागला, त्या दिवशी मी पुढाऱ्यांना केरसुण्यांची आठवण करून दिली नाही. तेवढी अक्कल मला आहे. पण आमचा बुडखा अजून खुंटीवर आहे, आणि आता तो एकट्या आमच्या घराचा राहिलेला नाही. गेल्या पावसाळ्यात आळीतला एक पोरगा पलटणीबरोबर काश्मीरकडं गेला. त्याच्या आईनं आमच्या सोप्यात येऊन बुडख्याला नारळ ठेवला, आणि ह्या दिवाळीला भारेवालीला दारातनं परत पाठवलं. म्हणाली, "औंदा नगं."

मी त्या घरी गेले. त्यांची सून अजून पोरसवदा आहे, कुंडलची, हसरी. तिच्या हातातली केरसुणी अजून लांब आहे. मी तिच्या सासूला सगळं सांगितलं. काडी सांगितली, नखुर्डं सांगितलं, डॉक्टर सांगितला. ती शांतपणे ऐकत होती. शेवटी म्हणाली, "पर पोरी, तुजा भाऊ आला न्हवं जिता? तुमच्याच घरचा दाखला हाय की."

मी उठून घरी आले. वरच्या घरातल्या पोराची केरसुणी कुणी टाकली होती, हे विचारायला पाहिजे होतं. त्यांनी टाकली नव्हती. त्यांच्याही घरात जुनीच होती. पण तो मेला, म्हणून त्यांच्या बुडख्याला कुणी नारळ ठेवत नाही आणि त्यांचा दाखला कुणी देत नाही.

म्हणून आता तुम्हाला सांगते. तुमचा मुलगा पलटणीत असो की घरात असो. तुम्ही पुरुष असा, सासू असा, की सुट्टीवर आलेले जवान असा. हा कागद खाली ठेवा आणि उठा. घरातली केरसुणी सुनेच्या हातातनं घ्या आणि स्वतः चार हात झाडून बघा. झाडल्यावर मागं काड्या राहिल्या, सारवणावर ओरखडे उठले, किंवा केरसुणीच्या आधी तुमची बोटं जमिनीला लागली, तर ती संपली. दिवाळीची वाट बघू नका. सुनेला टाकायला लावू नका, कारण उद्या काही वाईट घडलं तर बोट तिच्याकडं दाखवाल. तुम्ही टाका, तुमच्या हातानं, दिवसाउजेडी, आळीच्या देखत, आणि नवी आणून तिच्या हातात द्या. आजच.